गोताची साक्ष आणि बंद खोली

आपल्यापैकी काहींच्या घरी अजून जुने दप्तर असेल. त्यात एखादा महजर निघाला तर त्याचा शेवट नीट पाहावा. निवाड्याखाली देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांची नावे असतात. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने नांगर, तराजू अशी आपल्या धंद्याची निशाणी केलेली असते.

हा निवाडा बंद दाराआड झालेला नव्हता. गोत देवळात वा चावडीवर बसे. गोत सांगेल ते मान्य, असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधी लिहून देत, जामीन देत. मग तकरिरा आणि साक्षी होत. गुप्तता हा तिथला धर्मच नव्हता. निवाड्याचे बळ त्या उघडेपणातच होते, कारण ज्यांच्यासमोर शब्द दिला त्यांच्यातच उद्या नांदायचे असे. मागे सरकारचा हातही असे: जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे गुण सांगितले, विलंब व पक्षपात हे दोषही दाखवले. पंचायत टिकावी अशी त्याची इच्छा होती. पण १८२७ च्या संहितेने मुंबई इलाख्यात ठरावीक न्यायालये आणि ठरावीक रीत आणली. पंचांकडे जाण्याची मुभा राहिली, गरज उरली नाही. १८५९ च्या दिवाणी संहितेत पंच हा लवाद झाला. १८७२ च्या पुरावा कायद्याने आणखी एक गोष्ट केली: पुरावा म्हणून वापरायची नाही या अटीवर दिवाणी वादात दिलेली कबुली अग्राह्य ठरवली. आजच्या गोपनीयतेचे एक मूळ इथे आहे.

२०२३ चा मध्यस्थता कायदा या दोन्ही धाग्यांना एकत्र आणतो. वस्तीतील शांतता बिघडवू शकणारा वाद दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने तीन मध्यस्थांपुढे नेता येईल, अशी तरतूद त्यात आहे. एका अर्थी जुना राजीनामाच परत आला. मध्यस्थीत दिलेली कबुली, मागितलेली माफी गुप्त ठेवायची; ध्वनिमुद्रण करायचे नाही. गुन्ह्याची धमकी, घरगुती हिंसा किंवा बालकांवरील अत्याचार यांची माहिती मात्र या संरक्षणाबाहेर आहे. आणि सामुदायिक मध्यस्थीतील समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ नाही.

पेच इथेच आहे. गोताकडे बळ होते, गुप्तता नव्हती. नव्या मंडळाला गुप्तता मिळाली, बळ नाही. जुने बळ परत मागताही येणार नाही, कारण त्याच्या तळाशी वाळीत टाकण्याची भीती होती, आणि महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. ती भीती सर्वांत जास्त कोणी भोगली, हे आपण विसरू नये. चावडीवर ज्यांना तोंड उघडता येत नव्हते, त्यांना बंद खोलीत कदाचित बोलता येईल.

म्हणून उद्या शेजाऱ्यांच्या वादात आपल्याला बसावे लागले, तर पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात: इथले बोलणे बाहेर जाणार नाही, आणि ठरलेले पाळायचे ते दोघांनी आपल्या शब्दाखातर. बैठक संपल्यावर आपल्या ओसरीवरही तो विषय काढू नये. कायदा गुप्तता लिहून देतो. ती पाळायची आपल्याला आहे.