परसाची जागा

धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. नोकरीच्या, शिक्षणाच्या वा रेल्वेच्या निमित्ताने इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी मळमड्डीत घरे बांधली. मड्डी म्हणजे उंचवट्याची, मुरमाड जमीन. तीत पाणी ठरत नाही. म्हणून बागेची जागा त्यांनी शोभेपेक्षा पाण्यावरून ठरविली. न्हाणीचे पाणी उतरे तेथे केळ, अळू, कर्दळ. विहिरीलगत भाजीचे वाफे. तुळस तेवढी अंगणात.

पाण्यामागोमाग ऊन. धारवाड सुमारे साडेपंधरा उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरात भर माध्यान्ही १० फूट भिंतीची सावली उत्तरेस सुमारे ८ फूट पडते. त्या सावलीत हिवाळी भाजी धरत नाही, अळू मात्र माजते. पावसाळी वारा पश्चिमेचा. केळीला त्या बाजूने घराचा आडोसा हवाच.

हे सारे आम्हांस उशिरा उमगले. वाटणीनंतर आमच्याकडे घराभोवती अरुंद पट्टी उरली. आम्ही दर्शनी बाजूस गुलाब लावले. एका उन्हाळ्यात नळाने पाठ फिरविली आणि ते वाळले. मागे न्हाणीच्या उतारावरची आजेसासूबाईंची केळ मात्र हिरवीगार होती. तेव्हा आम्ही बाग मागे नेली. पूर्वी न्हाणीतून शिकेकाईचे पाणी येई, आज साबणाचे येते. म्हणून ते पालेभाजीस न घालता केळीलाच सोडतो.

मळमड्डीतील जुनी घरे आता एकेक करून पाडली जात आहेत. नव्या घराचा नकाशा काढण्यापूर्वी जुन्या न्हाणीचा उतार तेवढा पाहून ठेवावा.