फर्नांडो अलोन्सो : दोन विश्वविजेतेपदांवर गाडी का अडली? फॉर्म्युला वनमधल्या टीमच्या राजकारणाची गोष्ट

११०, १०९ आणि १०९.

२००७ चा फॉर्म्युला वन हंगाम संपला तेव्हा गुणतक्त्यातल्या पहिल्या तीन नावांपुढे हे आकडे होते. ११० गुणांसह फेरारीचा किमी रायकोनेन विश्वविजेता झाला. प्रत्येकी १०९ गुणांवर थांबलेले दोघेही एकाच टीमचे होते, मॅक्लारेनचे लुईस हॅमिल्टन आणि फर्नांडो अलोन्सो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात तसंच हे झालं होतं.

तोपर्यंत अलोन्सोच्या नावावर दोन विश्वविजेतेपदं होती. तिसरं आता येणारच, असं सगळे धरून चालले होते. ते आजवर आलेलं नाही. त्याच्या वेगाबद्दल शंका घेणारे फार कमी सापडतील. मग अडलं कुठे? याचं उत्तर शोधताना ट्रॅकपेक्षा जास्त वेळ टीमच्या मीटिंग रूममध्ये, पिटमध्ये आणि करारांच्या कागदांत डोकवावं लागतं.

टीम एक, तर भांडण कशावरून?

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात आणि स्पर्धाही दोन चालतात. एक ड्रायव्हरची आणि दुसरी टीमची, म्हणजे कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप. टीमला मिळणारी बक्षिसाची रक्कम दुसऱ्या स्पर्धेवर ठरते. त्यामुळे टीमच्या दृष्टीने दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी चालतं. ड्रायव्हरला मात्र स्वतः जिंकायचं असतं आणि त्याला हरवण्याची सर्वात जास्त शक्यता त्याच्यासारखीच गाडी असलेल्या सहकाऱ्याची असते.

वाटून घ्यायच्या गोष्टीही बऱ्याच असतात. नवीन सुटा भाग एकच तयार झाला असेल तर तो कुणाच्या गाडीला लागणार? टायर बदलायला आधी कुणाला बोलावणार? पुढच्या वर्षीची गाडी कुणाच्या शैलीप्रमाणे बनणार? कागदावर दोघं समान असले तरी असे निर्णय रोज घ्यावे लागतात आणि ते कुणाच्या बाजूने जातात यावरून टीममधला 'नंबर वन' कळतो.

रेनॉमध्ये सगळं जुळून आलं

अलोन्सो २००१ मध्ये मिनार्डी या छोट्या टीमकडून फॉर्म्युला वनमध्ये आला. २००३ पासून तो रेनॉसाठी शर्यती करू लागला आणि त्याच वर्षी हंगेरीत त्याने पहिला विजय मिळवला. २००५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी तो तोवरचा सर्वात तरुण विश्वविजेता ठरला. २००६ मध्ये मायकेल शूमाकरला मागे टाकून त्याने किताब राखला.

रेनॉचे प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे हेच अलोन्सोचे मॅनेजरही होते. टीमचा मुख्य ड्रायव्हर कोण, हा प्रश्न तिथे विचारायची गरजच नव्हती. पुढे मॅक्लारेनमध्ये गेल्यावर ही सवय त्याला महागात पडली.

२००७ : हंगेरीतले ते काही सेकंद

मॅक्लारेनमध्ये अलोन्सो दोन वेळचा विश्वविजेता म्हणून आला. त्याचा सहकारी हॅमिल्टन पहिलाच हंगाम खेळत होता. पण हॅमिल्टनला टीमने लहानपणापासून घडवलं होतं आणि तो पहिल्या शर्यतीपासून अलोन्सोच्या बरोबरीने धावायला लागला. टीमचे प्रमुख रॉन डेनिस यांचं धोरण होतं, दोघांना समान वागणूक. अलोन्सोला अपेक्षा होती ती पहिल्या मानाची.

हंगेरीच्या क्वालिफायिंगमध्ये ठिणगी पडली. टीमच्या आखणीनुसार हॅमिल्टनने अलोन्सोला पुढे जाऊ द्यायचं होतं. त्याने दिलं नाही. थोड्या वेळाने पिटमध्ये टायर बदलून झाल्यावरही अलोन्सो जागेवरच थांबून राहिला. त्याच्या मागे हॅमिल्टन ताटकळत होता. अलोन्सो निघाला, त्याने सर्वात वेगवान लॅप नोंदवली. हॅमिल्टनला मात्र शेवटच्या लॅपसाठी वेळच उरला नाही.

पंचांनी अलोन्सोला पाच जागा मागे ढकललं आणि त्या शर्यतीत मॅक्लारेनला टीमचे गुण मिळणार नाहीत असा निर्णय दिला. हॅमिल्टन जिंकला, अलोन्सो चौथा आला.

त्याच काळात फेरारीची गोपनीय कागदपत्रं मॅक्लारेनमधल्या एका वरिष्ठ अभियंत्याकडे सापडल्याचं प्रकरण सुरू होतं. त्या चौकशीत अलोन्सो आणि टेस्ट ड्रायव्हर पेद्रो दे ला रोसा यांच्यातले ई-मेल पुरावा म्हणून पुढे आले. मॅक्लारेनला टीमच्या स्पर्धेतून बाद करण्यात आलं आणि १० कोटी डॉलरचा दंड बसला. यानंतर अलोन्सो आणि डेनिस यांच्यात बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. एकाच हंगामानंतर करार मोडून अलोन्सो रेनॉमध्ये परतला.

सिंगापूर २००८ : विजय, पण डागाळलेला

रेनॉची गाडी आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. तरीही सिंगापूरच्या पहिल्या रात्रीच्या शर्यतीत पंधराव्या जागेवरून सुरुवात करून अलोन्सो जिंकला. त्याने लवकर पिट स्टॉप घेतला होता आणि त्यानंतर लगेच त्याचा सहकारी नेल्सन पिके ज्युनियर भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली आणि पुढचे सगळे गणित अलोन्सोच्या बाजूने फिरले.

२००९ मध्ये उघड झालं की तो अपघात टीमच्या सांगण्यावरून मुद्दाम केलेला होता. ब्रियातोरे आणि तांत्रिक प्रमुख पॅट सायमंड्स यांना टीम सोडावी लागली. अलोन्सोला याची कल्पना असल्याचं चौकशीत आढळलं नाही.

त्या रात्री आघाडीवर असलेला फेरारीचा फेलिपे मासा सेफ्टी कारच्या गडबडीत पिटमधून निघाला तेव्हा इंधनाची नळी त्याच्या गाडीला अडकलेलीच होती. त्याला एकही गुण मिळाला नाही. वर्षाच्या शेवटी त्याचं विश्वविजेतेपद एका गुणाने हुकलं. दोन वर्षांनी हाच मासा अलोन्सोचा सहकारी होणार होता.

२०१० : 'फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे'

२०१० मध्ये अलोन्सो फेरारीत आला. इथे चित्र मॅक्लारेनच्या अगदी उलट होतं. फेरारीने शूमाकरच्या काळापासून एकाच ड्रायव्हरमागे उभं राहण्याची पद्धत ठेवली होती. २००२ च्या ऑस्ट्रिया शर्यतीत रुबेन्स बॅरिकेलोने फिनिश लाइनपाशी शूमाकरला पुढे जाऊ दिलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. त्यानंतरच निकाल बदलणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी आली.

२५ जुलै २०१० रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला मासा पहिल्या क्रमांकावर होता. बरोबर एक वर्षापूर्वी हंगेरीत दुसऱ्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग डोक्याला लागून तो गंभीर जखमी झाला होता आणि उरलेल्या हंगामाला मुकला होता. आता पुनरागमनानंतरचा पहिला विजय समोर होता. तेवढ्यात त्याच्या रेस इंजिनिअरने रेडिओवर सांगितलं की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे. निरोप समजला का, असंही विचारलं.

थेट 'बाजूला हो' म्हणायला नियमाची आडकाठी होती. पण मासाला जे समजायचं ते समजलं. त्याने वेग कमी केला, अलोन्सो पुढे गेला आणि जिंकला. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र कायम राहिला. असे सांकेतिक निरोप रोखणं अवघड आहे हे लक्षात आल्यावर २०११ पासून ती बंदीच काढून टाकण्यात आली.

मासा त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत जिंकला नाही.

तरीही किताब का हुकला?

हॉकेनहाइमच्या अदलाबदलीमुळे अलोन्सोला सात गुण जास्त मिळाले. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीआधी तो २४६ गुणांवर होता. रेड बुलचा मार्क वेबर २३८ वर आणि सेबास्टियन व्हेटेल २३१ वर.

रेड बुलमध्येही धुसफुस कमी नव्हती. तुर्कीत त्यांचे दोन्ही ड्रायव्हर एकमेकांवर आदळले होते. सिल्व्हरस्टोनला वेबरच्या गाडीचा नवा फ्रंट विंग काढून व्हेटेलला दिला गेला. ती शर्यत जिंकल्यावर 'नंबर दोनच्या ड्रायव्हरसाठी हे वाईट नाही' असा टोमणा वेबरने रेडिओवरूनच मारला होता. तरी रेड बुलने शेवटपर्यंत दोघांनाही शर्यतीत ठेवलं आणि तेच कामी आलं. अबू धाबीत फेरारीने वेबरवर डोळा ठेवून अलोन्सोला लवकर पिटमध्ये बोलावलं. बाहेर आल्यावर तो विताली पेत्रोव्हच्या मागे अडकला, सातवा आला. पुढे व्हेटेल शर्यतही जिंकला आणि किताबही. २५६ विरुद्ध २५२. फरक चार गुणांचा.

२०१२ मध्ये फेरारी आणखी पुढे गेली. अमेरिकेत ऑस्टिनला मासा क्वालिफायिंगमध्ये अलोन्सोच्या पुढे होता. टीमने मासाच्या गिअरबॉक्सचं सील मुद्दाम तोडलं. नियमानुसार मासाला पाच जागांची शिक्षा झाली आणि अलोन्सो एक जागा वर सरकला. शिवाय त्याला ग्रिडच्या स्वच्छ, चांगली पकड देणाऱ्या बाजूने सुरुवात करता आली. हे सगळं नियमात बसत होतं आणि फेरारीने ते लपवलंही नाही.

त्या वर्षी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतीय प्रेक्षकांनीही ही झुंज पाहिली. व्हेटेल पहिला, अलोन्सो दुसरा. हंगामाअखेर आकडे होते २८१ आणि २७८. यावेळी फरक तीन गुणांचा.

टीमच्या राजकारणाची मर्यादा इथे दिसते. सगळी टीम मागे उभी केली तरी मिळतात ते मोजकेच गुण. प्रतिस्पर्ध्याची गाडी वेगवान असेल तर ते पुरत नाहीत.

दारं बंद होत जातात

२०१४ मध्ये फेरारीचा टीमप्रमुख बदलला, मग अध्यक्षही. करार २०१६ पर्यंत असूनही अलोन्सो बाहेर पडला आणि मॅक्लारेनमध्ये परतला. तिथे होंडाचं नवं इंजिन कमजोर निघालं. २०१५ मध्ये सुझुकाला, म्हणजे होंडाच्या घरच्या मैदानावर, त्याने रेडिओवर त्या इंजिनाची तुलना खालच्या श्रेणीतल्या जीपी टू गाडीशी केली. ते वाक्य जगभर ऐकलं गेलं. पुढे होंडाच्याच इंजिनावर रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापन २०२१ मध्ये विश्वविजेता झाला.

अलोन्सो रेड बुलमध्ये का गेला नाही, याचा एक धागा २०१८ मध्ये मिळाला. रेड बुलचे तेव्हाचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर जाहीरपणे म्हणाले होते की, तो जिथे जातो तिथे थोडा गोंधळ होतो. २००७ ला अकरा वर्षं झाली होती, पण त्याची आठवण कुणी विसरलं नव्हतं.

त्या वर्षाअखेर त्याने फॉर्म्युला वन सोडलं, टोयोटाकडून दोनदा ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि २०२१ मध्ये अल्पीनमधून पुनरागमन केलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याने ॲस्टन मार्टिनशी करार केल्याचं जाहीर झालं. तिथे त्याचा सहकारी आहे लान्स स्ट्रोल, टीमच्या मालकाचा मुलगा. आणि २०२३ मध्ये याच टीमने घोषणा केली की २०२६ पासून आपली इंजिनं होंडाची असतील.

मग दोष कुणाचा?

फक्त टीमांना दोष देणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. टीमच्या पक्षपाताचा अलोन्सोला जसा त्रास झाला तसा फायदाही झाला. हॉकेनहाइमला मासाने जे गमावलं ते अलोन्सोच्याच खात्यात जमा झालं. टीम सोडण्याचे निर्णयही बहुतेक वेळा त्याचे स्वतःचे होते.

२००७ च्या भांडणानंतर चौदा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो पुन्हा हंगेरीत होता. अल्पीनचा त्याचा सहकारी एस्तेबान ओकॉन आघाडीवर होता आणि मागून हॅमिल्टन झपाट्याने येत होता. अलोन्सोने हॅमिल्टनला कित्येक लॅप्स रोखून धरलं. तेवढ्या वेळात ओकॉन निसटला आणि त्याने कारकिर्दीतला पहिला विजय मिळवला. गाडीतून उतरल्यावर ओकॉनने त्या विजयाचं श्रेय अलोन्सोलाही दिलं.