परवचा, पेटी आणि मोबाईल

मंडळी, मोबाईलवर परकी भाषा शिकवणारी ऍप्स आपल्याला अगदी कालपरवाची वाटतात. पण त्यांच्या पोटात जी युक्ती चालते तिचं वय शंभराहून कितीतरी जास्त आहे. मी स्वतः गेले आठ महिने रोज सकाळी चहानंतर जर्मन शिकते. एखादा शब्द आज भेटतो, उद्या भेटतो, मग चार दिवस बेपत्ता, आणि आता विसरणार इतक्यात दारात येऊन उभा! याला बरोबर वेळ कळते कशी, या कुतूहलापोटी मागे मागे वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. हर्मन एबिंगहाउस नावाच्या गृहस्थांनी विसरणं मोजायचं ठरवलं. प्रयोगाला माणूस एकच, ते स्वतः. ओळखीचा शब्द मदतीला येऊ नये म्हणून त्यांनी ‘गेफ’, ‘झूक’ अशा धर्तीची सुमारे २३०० निरर्थक अक्षरं तयार केली. त्यांच्या याद्या घड्याळाच्या ठोक्यावर म्हणून पाठ करायच्या, ठरावीक काळ जाऊ द्यायचा, पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते लिहून ठेवायचं. वीसएक मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे गळती सुरुवातीला धो धो, नंतर थेंब थेंब. १८८५ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यातलं एक निरीक्षण मला फार आवडलं. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ वेळांत झाला!

हे वाचून मला आमच्या घरचा परवचा आठवला. दिवेलागणीला हातपाय धुऊन बसायचं आणि पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी एका सुरात म्हणायची. आजीने कुठलाही आलेख पाहिला नव्हता, पण रोज थोडं आणि चुकेल ते पुन्हा, हे तिचं गणित पक्कं होतं.

पुढचं पाऊल भाषेच्या मास्तरांनी टाकलं. पॉल पिम्सलर या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६७ साली शब्दांच्या उजळणीचं वेळापत्रकच मांडलं. नवा शब्द ५ सेकंदांनी विचारा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, असं साधारण पाचपट करत दिवस, महिने आणि शेवटी २ वर्षं. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने ते आणखी सोपं केलं. एक पेटी आणि तिच्यात कप्पे. चिठ्ठीवरचं उत्तर बरोबर आलं की ती पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा वरचेवर उघडायचा, शेवटचा क्वचित. म्हणजे आपोआप जे कच्चं तेच जास्त घोटलं जातं.

या पेटीला संगणकात बसवलं पोलंडमधल्या पोझनान शहरातल्या पिओत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने. त्याला इंग्रजी शब्द आणि जीवशास्त्र लक्षात ठेवायचं होतं. आधी कागदावर नोंदी केल्या, आणि १९८७ साली ‘सुपरमेमो’ हा प्रोग्राम लिहिला. २००६ साली डेमियन एल्म्स यांनी जपानी शिकता शिकता ‘अंकी’ काढलं. गंमत बघा, जपानीत ‘अंकी’ म्हणजे पाठांतर! आणि २०१२ साली लुई फॉन आन आणि सेवेरिन हाकर यांचं ‘ड्युओलिंगो’ सर्वांसाठी खुलं झालं. शब्द स्मरणातून अर्धा कधी उतरेल याचा अंदाज बांधण्याची त्यांची रीत २०१६ साली प्रसिद्ध झाली. एबिंगहाउस एका माणसाची वही घेऊन बसले होते, इथे लाखो माणसांच्या चुका वहीत आल्या. फरक एवढाच.

मी शिक्षिका असताना ‘घोकंपट्टी’ ही शिवी होती. माझं मत आजही असं की घोकणं आणि उजळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री होतं ते घोकणं. अंतर ठेवून, आठवायचा प्रयत्न करून होते ती उजळणी.

पण एबिंगहाउसच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. त्यांनी बायरनच्या एका काव्यातली कडवीही पाठ करून पाहिली. त्यांना निरर्थक अक्षरांच्या साधारण एक दशांश कष्ट पुरले. अर्थ, लय, गोष्ट असली की मन पकडून ठेवतं. ऍप उजळणी उत्तम करून घेतं, पण शब्दाला गोष्ट चिकटते ती माणसांमुळे. २००७ साली सुरू झालेल्या ‘लाइव्हमोचा’ या साइटवर निरनिराळ्या देशांतली माणसं एकमेकांना आपापली भाषा शिकवायची. ती २०१६ साली बंद झाली, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण आता सांगते. माझी नात जर्मनीत वाढते आहे. पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी फोनवर ‘आजी, मला भूक लागली’ म्हणायची, आता तेच वाक्य अर्धं जर्मन झालंय. मी तिच्याकडे जाणारा रस्ता बांधते आहे, पण तिचा माझ्याकडे येणारा रस्ता गवताखाली चाललाय. तिचं मराठी कुणी हिरावून नेलेलं नाही, फक्त त्याची उजळणी होत नाहीये.

आपण सगळे रविवारी तासभर व्हिडिओ कॉल करतो. ६८ आणि ३८ चे आकडे निरर्थक अक्षरांचे आहेत, पोराच्या भाषेचे नाहीत, हे मला कळतं. तरी माझा कल साफ आहे. तासभर एकदा बोलण्याऐवजी रोज दहा मिनिटं बोलावं. त्यात चिमणी-कावळ्याची गोष्ट असावी, आज काय जेवलीस हे असावं, आणि विसरलेला शब्द लगेच न सांगता क्षणभर थांबावं, म्हणजे तो तिचा तिलाच आठवेल.

काका, मावशी, आत्या, मामा, तुम्ही सगळे हे वाचता हे मला ठाऊक आहे. वार वाटून घेऊया. सोमवार माझा. मंगळवार कोण घेतंय?