भीमेवरचा पाठमोरा पूल

मागे मंडळाच्या आम्ही काही जणी दौंड पाहावयास गेलो होतो. शिरूरहून दौंड म्हणजे काही मोठी यात्रा नव्हे. परंतु आपल्याकडे जशी घोडनदीकाठी पुणे जिल्ह्याची हद्द संपते, तशी तिकडे भीमेकाठी. पलीकडे श्रीगोंदे तालुका, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर व आताचा अहिल्यानगर जिल्हा. लेकी-सुना मात्र दोन्ही तीरांवर दिल्या-घेतल्या जातात. आपली घोडनदीही पुढे भीमेसच मिळते.

दौंडास भीमेवर रेल्वेचा पूल आहे. त्याची दिशा पाहून प्रथम नवल वाटते. मनमाडची गाडी पूल ओलांडून स्थानकात शिरते ती सोलापूरकडे तोंड करून, पुण्याकडे पाठ! पुण्यास जाणाऱ्या गाडीचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. आता कॉर्ड लाईन झाल्याने काही गाड्या परस्पर जातात.

असे का केले? मुंबईहून एक लोहमार्ग थळ घाट चढून मनमाडकडे गेला, दुसरा बोरघाटातून पुणे, सोलापूर करीत १८७१ साली रायचूरला मद्रासच्या मार्गास मिळाला. दौंड-मनमाड मार्गाने हे दोन्ही घाटमाथ्यावरच जोडले. उत्तरेचा माल घाट न उतरता दक्षिणेस जाऊ लागला. म्हणून पुलाचे तोंड सोलापूरकडे.

हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याआधी १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला होता. या मार्गाचे पुष्कळसे मातीकाम दुष्काळात पोटासाठी आलेल्या बाया-पुरुषांनी केले. १८७७ मध्ये सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी कापली. पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा, बाईला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे सुमारे अर्धा शेर. आपण रांधणाऱ्या बायका. अर्ध्या शेराच्या चार-पाच भाकरी होतात, हे आपणांस सांगावयास नको. तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची! पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, या लोकांची बाजू सरकारपुढे मांडली.

इंजिनियरांची नावे कागदोपत्री राहतात. पाट्या वाहणाऱ्या बायांची कोण लिहून ठेवणार? त्या आपल्याच गावोगावच्या, कदाचित आपल्या पणज्यांच्या आयाही असतील. कोणाच्या घरी त्या दुष्काळाची एखादी आठवण सांगितली जात असेल, तर तिने ती पुढच्या स्मरणिकेसाठी अवश्य लिहून द्यावी, ही विनंती.