गॉज, बटाट्याची साल आणि मध : जखमेवरील आवरणांच्या तुलनेचा महाराष्ट्रातील इतिहास

व्रणावर बांधण्यासाठी क्षौम (जवसाच्या धाग्याचे कापड), कापूस, लोकर, रेशीम अशी द्रव्ये सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहेत आणि मध-तुपाने माखून व्रणात ठेवावयाच्या वातीचा, म्हणजे विकेशिकेचा, उल्लेखही तेथे येतो. परंतु आजचा शोषक कापूस ही एकोणिसाव्या शतकाची देणगी होय. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणचट थर असल्यामुळे तो पाणी धरत नाही, अल्कलीत उकळून तो थर काढल्यावरच स्राव शोषू लागतो. असा कापूस गॉजच्या, म्हणजे विरळ विणीच्या कापडाच्या, दोन थरांत घालण्याची पद्धत बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक गॅमजी यांनी 1880 मध्ये रूढ केली.

गॉजचा दोष त्याच्या गुणातच आहे. शोषलेला स्राव वाळला की जाळी जखमेला चिकटते आणि पट्टी बदलताना नुकती धरलेली त्वचा तिच्याबरोबर सोलून निघते. भाजलेल्या मुलाच्या बाबतीत ही वेदना दर खेपेस नव्याने सोसावी लागते. जखम ओलसर राखल्यास त्वचा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले होते, मात्र त्या तत्त्वावरची कृत्रिम आवरणे भारतीय सार्वजनिक रुग्णालयांना परवडणारी नव्हती.

परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयातील डॉ. केसवानी व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय या अडचणीतून निघाला. बटाटे उकडून साली काढायच्या, त्या बँडेजच्या पट्टीवर एकीला एक लागून चिकटवायच्या, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या आणि आतली ओलसर बाजू जखमेवर ठेवायची, अशी ती कृती होती. सालीच्या बाहेरील बुचासारख्या थरामुळे ओल टिकते.

सोलापुरात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाचा पक्ष मांडला. साखरेच्या तीव्र द्रावणामुळे मध ऊतींतील पाणी स्वतःकडे ओढतो, म्हणजे कापूस तंतूंनी करतो ते काम तो परासरणाने करतो. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 104 रुग्णांच्या अभ्यासात मध लावलेल्या 87 टक्के जखमा पंधरा दिवसांत भरल्या, तर सिल्व्हर सल्फाडायझिन या प्रचलित मलमाखालील केवळ 10 टक्के. पुढे 1996 मध्ये त्यांनी मधाची बटाट्याच्या सालीशीच गाठ घातली आणि त्यातही साल मागे पडली. हे आकडे जरा सावधपणेच घ्यावे लागतात, कारण ते मलम स्वतःच त्वचा भरण्यास विलंब लावते असे नंतर दिसून आले, आणि कोणत्या रुग्णाला मध लावला आहे हे तपासणाऱ्यापासून लपवणे अवघडच.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. गोरे व अकोलेकर यांनी 2003 मध्ये केळीच्या पानाची तुलना व्हॅसलीन लावलेल्या गॉजशी केली, तेव्हा पान जखमेला चिकटत नाही आणि बदलताना दुखणेही कमी होते, असे आढळले. हे पान मात्र काहीच शोषत नाही, त्यामुळे फार पाझरणाऱ्या जखमेवर त्याच्या जोडीला कापसाची गादी लागतेच.