बालाघाटातली निवांत रानफेरी: घाटनांदूरच्या आसपास जंगलात कधी, कुठे आणि कसं फिरावं?

बीड म्हटलं की ऊसतोड, दुष्काळ आणि उघडे डोंगर आठवतात. जंगल फारसं कुणाला आठवत नाही. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १० हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे, पण राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांमध्ये बीडची गणना होते. तरीही अंबाजोगाई, धारूर, पाटोदा या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर रान शिल्लक आहे आणि तास-दोन तास निवांत चालण्यासाठी ते पुरेसं आहे. फक्त हे रान कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या जंगलासारखं दिसेल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये.

घाटनांदूर नेमकं कुठे आहे?

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातलं मोठं गाव. परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावर त्याचं स्थानक आहे. अंबाजोगाई शहर इथून वीसेक किलोमीटरवर आहे. हा सगळा भाग बालाघाटच्या डोंगररांगेत येतो. सह्याद्रीतून फुटून आग्नेयेकडे जाणारी ही रांग बीड जिल्ह्याचे दोन भाग करते. उत्तरेला गोदावरीकाठची सखल, काळ्या जमिनीची गंगथडी आणि दक्षिणेला घाटावरचा मुरमाड, उंच भाग. मांजरा नदीही याच डोंगरांत, पाटोदा तालुक्यात उगम पावते.

इथलं जंगल कोणत्या प्रकारचं आहे?

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे इथे शुष्क पानझडी आणि काटेरी रान वाढतं. पळस, धावडा, सालई, खैर, बाभूळ, बोर आणि सीताफळ ही इथली ओळखीची झाडं. जोडीला वन विभागाने लावलेलं गिरिपुष्प बऱ्याच ठिकाणी दिसतं.

फेब्रुवारीनंतर यातली बरीच झाडं पानं टाकतात. लांबून पाहणाऱ्याला डोंगर ओसाड वाटतो, पण झाड मेलेलं नसतं. पानांतून सतत पाण्याची वाफ होते. जमिनीतलं पाणी आटू लागलं की झाड पानं गाळून हा खर्चच बंद करतं. इथल्या रानात शांतपणे चालायचं असेल, तर ही गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. कोरडेपणा ही या जंगलाची उन्हाळा काढण्याची पद्धत आहे.

फिरायला कुठे जाता येईल?

मुकुंदराज परिसर, अंबाजोगाई: ‘विवेकसिंधु’चे कर्ते आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी शहराबाहेरच्या दरीत असल्याचं परंपरेने मानलं जातं. या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ सांगितला जातो. पावसाळ्यात दरी हिरवीगार होते. भाविकांची वर्दळ टाळायची असेल, तर सकाळी लवकर जावं.

धारूरचा डोंगर: धारूरचा किल्ला आणि घाटाचा परिसर सीताफळांसाठी ओळखला जातो. बालाघाटातल्या या सीताफळाला २०१६ साली ‘बीड सीताफळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं.

नायगाव मयूर अभयारण्य: पाटोदा तालुक्यातलं हे अभयारण्य १९९४ साली घोषित झालं. सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या रानात मोरांची संख्या मोठी आहे. घाटनांदूरहून ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असल्याने पूर्ण दिवस हाताशी हवा. अभयारण्यात जाण्यापूर्वी वन विभागाकडे परवानगीची चौकशी करावी.

कोणत्या दिवसांत काय दिसतं?

जून-जुलै: पहिल्या सरींसोबत चातक येतो आणि पावशाची हाक ऐकू येते. ‘पेरते व्हा’ असं तो सांगतो, असं शेतकरी म्हणतात. आठ-दहा दिवसांत डोंगराचा रंग बदलतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: गवत कंबरेपर्यंत येतं, सीताफळं डोळा उघडतात. चालण्यासाठी हवा चांगली, पण गवतात पाय टाकताना काळजी घ्यावी.

डिसेंबर-जानेवारी: नवख्यांसाठी सर्वांत सोपा काळ. वाटा मोकळ्या असतात आणि ऊनही बोचत नाही.

फेब्रुवारी-मार्च: पळस फुलतो. अंगावर एकही पान नसलेल्या झाडावर केशरी फुलं आणि त्यातला मध प्यायला आलेले पक्षी, हे या रानातलं सर्वांत देखणं दृश्य. पानं नसल्यामुळे पक्षीही सहज दिसतात.

रानात चालल्याने खरंच बरं वाटतं का?

जपानच्या वन खात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ ही संकल्पना पुढे आणली. शब्दशः अर्थ वनस्नान. यात व्यायाम करायचा नसतो, झाडांमध्ये सावकाश वावरायचं असतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात २८० जणांना २४ जंगलांमध्ये आणि तुलनेसाठी शहरी भागांत नेण्यात आलं. जंगलात नाडीचे ठोके, रक्तदाब आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक तुलनेने कमी आढळलं.

२०१९ साली इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपलं आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ही वेळ एकदम घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही.

याचा अर्थ रानफेरी हे औषध आहे असा नाही. पहिल्या अभ्यासातले लोक तरुण पुरुष होते, तर दुसऱ्यातून कारण आणि परिणाम ठामपणे सिद्ध होत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ती चालूच ठेवावी.

कसं चालावं?

दोन किलोमीटरला दीड ते दोन तास द्यावेत. फोन आवाज बंद करून खिशात ठेवावा. दर दहा मिनिटांनी थांबून आधी ऐकावं आणि मग पाहावं. सातभाईंचा कलकलाट, तांबटाची एकसुरी टुकटुक, लांबून येणारी गुरांची घंटी, एवढं तरी हमखास कानावर पडतं. झाडांच्या सालींवर हात फिरवून पाहावा. सालईची साल कागदासारखी सुटते, तर धावड्याची पांढुरकी आणि गुळगुळीत असते. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक याच धावड्यापासूनही मिळतो.

वाटेत गुराखी किंवा सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाया भेटतील. त्यांच्यासाठी हे रान रोजच्या कामाची जागा आहे. त्यांना वाट द्यावी, रामराम करावा. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. मळलेल्या वाटांची खरी माहितीही त्यांच्याकडेच मिळते.

काय काळजी घ्यावी?

एकट्याने जाऊ नये आणि घरी सांगून जावं. सकाळी उजाडल्यावर निघून ऊन चढायच्या आत परतावं. नाग, घोणस, फुरसं हे विषारी साप या भागात आहेत, म्हणून पायात बूट हवेत आणि दगडाखाली हात घालू नये. जिल्ह्यात बिबट्याचाही वावर आहे. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली होती. त्यामुळे अंधार पडल्यावर रानात थांबू नये. पाणी सोबत न्यावं, कारण उन्हाळ्यात ओढे कोरडे असतात.

या रानाला सर्वांत मोठा धोका कोणता?

वणवा. जानेवारीपासून गवत वाळतं आणि एक विझवायची राहिलेली बिडीही डोंगर पेटवू शकते. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं, या समजुतीतूनही काही ठिकाणी मुद्दाम आग लावली जाते. मोठी झाडं कधी कधी वाचतात. कोवळी रोपं, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि माती धरून ठेवणारा पालापाचोळा मात्र जळून जातो. मग पहिल्याच पावसात माती वाहून जाते आणि पाणी मुरत नाही. वन विभाग त्यासाठी जाळरेषा काढतो, म्हणजे गवताचे पट्टे आधीच साफ करतो. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

बीड शहराजवळच्या पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारातून ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरलं. लोकांनी वाढवलेल्या या झाडांनाही पुढे वणव्याची झळ बसली. रोप लावून ते मोठं करायला वर्षं लागतात. वणव्याला एक दुपार पुरते.

उन्हाळ्यात उघडा दिसणारा डोंगर ‘तसाही वाळलेलाच आहे’ असं समजून पेटवला जातो. त्याच डोंगरावरून मार्चमध्ये एकदा सावकाश चालून आलेल्या माणसाला त्या फांद्यांवरचे बारीक कोंब दिसलेले असतात. काडी ओढणाऱ्या हाताला तोच अडवू शकतो.