पोलीस शहर सोडून गेले तेव्हा: सोलापूरचा १९३० चा मार्शल लॉ काय होता?

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात 'सोलापूरचा लढा' दोन-चार ओळींत उरकलेला असतो. गोळीबार, मार्शल लॉ, चौघांना फाशी, पुढचा धडा. पण मे १९३० मधल्या त्या दिवसांत एक प्रश्न दडलाय: शहरात शांतता नेमकी कोण राखतं?

ठिणगी कुठे पडली?

सोलापूर हे गिरण्यांचं शहर. पहिली कापड गिरणी, म्हणजे आजही लोक 'जुनी मिल' म्हणतात ती, १८७७ ची. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि एप्रिलमध्ये इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा लागला.

५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी येताच शहरात हरताळ पडला, गिरणी कामगार रस्त्यावर आले. दारूबंदीच्या आंदोलनाचा भाग म्हणून लोक शिंदीची झाडं तोडायला लागले.

८ मे रोजी काय झालं?

झाडं तोडणाऱ्या काही जणांना पोलिसांनी पकडलं. त्यांना सोडवायला मोठा जमाव जमला आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. चिडलेल्या लोकांनी पोलीस चौक्या आणि न्यायालयाच्या इमारतीवर हल्ले केले, जाळपोळ झाली. पोलीसही मारले गेले. म्हणजे हिंसा दोन्ही बाजूंनी झाली होती, ते लपवायचं कारण नाही.

मग पोलीस गेले कुठे?

यानंतर प्रशासनाने शहरातून पोलीस काढून घेतले. युरोपीय कुटुंबांना रेल्वे स्टेशनवर हलवलं गेलं. साधारण ९ ते ११ मे या काळात सोलापुरात इंग्रज सरकारचा कारभार जवळपास नव्हताच.

पोलीस नाहीत म्हटल्यावर लुटालूट होईल असं कुणालाही वाटेल. पण काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून वाहतूक सांभाळत होते. सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात, 'आमचं शहर १९४७ च्या आधीच स्वतंत्र झालं होतं.'

तरी मार्शल लॉ का?

मार्शल लॉ म्हणजे संचारबंदी किंवा जमावबंदी नव्हे. त्या मुलकी प्रशासन लावतं आणि नेहमीची न्यायालयं चालू राहतात. मार्शल लॉमध्ये शहर लष्कराच्या ताब्यात जातं. लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम हाच कायदा.

१२ मे रोजी सोलापुरात तो लागू झाला. म्हणजे जाळपोळीला चार दिवस उलटल्यावर. व्हाइसरॉय आयर्विन यांनी त्यासाठी खास अध्यादेशही काढला. जूनअखेरपर्यंत, सुमारे सात आठवडे, तो चालला.

त्यात बंदी कशावर होती ते पाहा. तिरंगा लावणं गुन्हा. गांधी टोपी घालणं गुन्हा. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगवास झाला. दंगल थांबवायला टोपीवर बंदी कशाला लागते? सरकारला शांततेइतकीच आपली गेलेली पत परत हवी होती, हे यातून दिसतं.

चार हुतात्मे कोण?

पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांच्यावर खटला चालला. चौघांनाही १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आलं. वेगवेगळ्या जाती-धर्मांतली ही चार माणसं होती.

आज याचं काय?

'मार्शल लॉ' हा शब्द आपल्या राज्यघटनेतही आहे. अनुच्छेद ३४ मध्ये त्याचा उल्लेख येतो, पण त्याची व्याख्या तिथे दिलेली नाही.

१२ जानेवारी म्हटलं की स्टेटसला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती असते. सोलापुरात त्याच दिवशी चार हुतात्मा चौकातल्या पुतळ्यांना हार घातले जातात. आणि 'कायदा-सुव्यवस्थेसाठी' हे शब्द कुठल्याही आदेशात वाचले, की आधी एवढं बघा: बंदी हिंसेवर आहे, की टोपीवर?